जिना बघून घेतलेली जागा

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की माणसं देव्हारा बघतात, टीव्हीचा आकार बघतात, फारच चौकस असली तर स्वयंपाकघरात डोकावतात. मामा जिना बघायचे. बघायचे म्हणजे मोजायचे. खिशात कायम पोलादी टेप. सत्यनारायणाचं बोलावणं आहे, बायका साड्या सावरत वर चालल्या आहेत, आणि हा साठीचा माणूस मधल्या वळणावर उकिडवा बसून भिंतीपासून कठड्यापर्यंत टेप ताणतोय. प्रसाद हातात घ्यायच्या आधी आकडा वहीत पडायचा. "घाटकोपर, चार मजली, तीन फूट दोन इंच, वळण बरं." शिरा त्यानंतर.

एकदा भाचीसाठी मुलगा बघायला दिंडोशीला गेले. परत आले तेव्हा घरातली सगळी दारातच उभी होती. बहिणीने विचारलं, "कसो आसा मुलगो?"

"मुलगो बरो आसा. जिनो पावणेतीन फुटी."

"म्हणजे?"

"चेडवाचा कपाट चडतला, पण परत उतरूचा नाय."

चेडू म्हणजे मुलगी. घरात हसू फुटलं. मामा हसले नाहीत आणि ते लग्नही झालं नाही. भाचीने पुढे मला सांगितलं की त्या दिवशी तीसुद्धा हसली नव्हती. आपण परत येऊ शकू का, हे आपल्या वतीने विचारणारं घरात कुणीतरी आहे, एवढंच तिला तेव्हा वाटलं होतं.

मामांचा धंदा घरसामान हलवण्याचा. कांजूरमार्ग पूर्वेला एक गाळा, दोन टेम्पो, सहा गडी. वारा उलटा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास गाळ्यात येऊन बसायचा आणि मामा म्हणायचे, "पावणो इलो." ते माझ्या आईच्या गावचे. आमच्याकडे आईच्या गावचा प्रत्येक पुरुष मामाच लागतो. त्यामुळे बी.कॉम. होऊन आणि घाटकोपरच्या क्लासात सहा महिन्यांचा वेबसाईटचा कोर्स करून मी घरी बसले होते तेव्हा आईने मला त्यांच्या गाळ्यात नेऊन सोडलं. काम फोन उचलण्याचं. माझं सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं होतं. मामांनी ते उलटसुलट बघितलं आणि त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

जिन्याचं वेड त्यांना उगाच लागलं नव्हतं. ऐन तरुणपणी त्यांनी एका नव्या नवरीचं लोखंडी कपाट चौथ्या मजल्यावर दोर लावून खिडकीतून चढवलं होतं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. काही वर्षांनी तीच बाई विधवा होऊन ते घर सोडत होती आणि तिने सामान न्यायला मामांनाच बोलावलं. तोवर खिडकीला ग्रिल लागलेलं. जिना अरुंद. कपाट शेवटी गॅसकटरने कापून चार तुकड्यांत खाली आणावं लागलं. बाई दारात उभी राहून बघत होती आणि काही बोलली नाही. "बोलली आसती तर बरा झाला आसता," मामा म्हणायचे. तेव्हापासून टेप खिशात.

आणि दुसरं वेड, 'येतो'. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मामांनी त्याचा कायदा केला होता. दोन्ही टेम्पोंच्या मागे, जिथे इतर टेम्पोवाले शेर नाहीतर लिंबूमिरची रंगवतात, तिथे मोठ्या अक्षरांत एकच शब्द: 'येतो'. घर सोडणाऱ्याने शेजाऱ्यांना 'येतो' म्हटल्याशिवाय इंजिन सुरू व्हायचं नाही. भांडुपला एका गृहस्थाचं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी गळक्या पाइपावरून दहा वर्षांचं वैर. तो म्हणाला, त्याचं तोंड बघणार नाही. मामा टेम्पोत चढले, त्याच्याच सोफ्यावर बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. पाऊण तास गेला. शेवटी तो गृहस्थ तणतणत वर गेला, बेल मारली आणि दारातूनच ओरडला, "येतो." आतला माणूस इतका गोंधळला की त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "या." मग वरच्याने पाणी विचारलं.

ही गोष्ट ज्या मे महिन्याची आहे त्या वर्षी मामांचा धंदा अडचणीत होता. पोरांच्या शाळा सुटल्या की माणसं घरं बदलतात, म्हणून मे म्हणजे आमचा हंगाम. पण आता भिंतीवरचा बोर्ड वाचून कोणी फोन करत नाही, सगळे मोबाईलवर शोधतात. सामान हलवणारी एक मोठी ॲपवाली कंपनी मामांच्या मागे लागली होती. त्यांचा माणूस टाय लावून गाळ्यात आला आणि म्हणाला, टेम्पो आमच्या रंगात रंगवा, गड्यांना आमचे शर्ट घाला, कामं आम्ही देतो.

"आणि मागचो 'येतो'?" मामांनी विचारलं.

"तो पुसावा लागेल ना अंकल. ब्रँडिंग असतं."

मामांनी मेअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. हंगाम आपल्या नावावर निभला तर ठीक, नाहीतर रंग. माणूस गेल्यावर त्यांनी टेम्पोच्या मागे जाऊन अक्षरांवरची धूळ हाताने पुसली, आणि मला पहिल्यांदा त्या माणसाची काळजी वाटली.

आमच्या हातात होती ती एक वेबसाईट. ती मी बनवली होती, दीड वर्षांपूर्वी, आणि ती ठेवायची कुठे यावरून आमचा जो तमाशा झाला तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वेबसाईट बनवली तरी ती ठेवायला इंटरनेटवर भाड्याने जागा घ्यावी लागते. जागा देणाऱ्या कंपन्या ढिगाने. मी उतावीळ. एका कंपनीची जाहिरात मला फार आवडली होती: अमर्याद जागा, अमर्याद फोटो, सगळं अमर्याद, वर वेबसाईटचं नाव फुकट. मी मामांना उत्साहाने वाचून दाखवलं.

"अमर्याद सामानाचा घर मी अजून हलवलंय नाय," मामा म्हणाले. "आपले नग किती?"

नग म्हणजे वस्तू. कुठलंही घर हलवण्याआधी मामा यादी करायचे, तुटक्या बादलीसकट. मला बसवून त्यांनी वेबसाईटचीही यादी करायला लावली. पानं अकरा. फोटो चाळीस. दिवसाला बघायला येणारी माणसं, अंदाजे पन्नास. त्यांनी यादी हातात धरून माझ्याकडे बघितलं. "ह्या वन आरकेचा सामान. तुका बंगलो कित्याक होयो?"

तरी मी 'नाव फुकट' वर अडून राहिले. फुकट ते पौष्टिक, ही आमच्या घरची शिकवण. मामांनी विचारलं, नाव कुणाच्या नावावर राहणार? मी बारीक अक्षरं वाचली. कंपनीच्या खात्यावर.

"खोली त्येंची, पाटी पण त्येंची. मग उद्या खोली सोडलंय तर माझा नाव त्येंच्या भिंतीवर?" आणि निकाल लागला. नाव वेगळीकडून, मामांच्या स्वतःच्या नावाने घ्यायचं. खोली वेगळीकडून भाड्याने.

नाव काय घ्यायचं ते मामांनी ठरवलं, सामानहलवा. मी म्हटलं, इंग्रजी अक्षरांत घोटाळा होईल. झालाच. पहिल्या महिन्यात अर्धे फोन मिठाईच्या ऑर्डरचे. एकदा वेसाव्याहून एका कोळणीचा फोन आला. तिला हलवा मासा हवा होता आणि गूगलने तिला आमच्या दारात आणून सोडलं होतं. "हलवा ताजा हाय काय, दादा?" मामा म्हणाले, "बाय, आमचो हलवा खाण्याचो नाय, उचलण्याचो." बाई दोन मिनिटं हसली. पुढल्या महिन्यात तिच्या बर्फाच्या पेट्या नव्या बाजारात आम्हीच हलवल्या.

मग खोली. मी चार कंपन्या काढल्या, वेग, किंमत, मदत असे रकाने आखले. मामांनी कागद बाजूला सारला. "फोन लाव. सगळ्यांका सांग, माका सोडून जावचा आसा."

"मामा, अजून घेतलंच नाही. सोडणार काय?"

"येणाऱ्याक सगळेच हसान घेतत गो. जाणाऱ्याक कसे सोडतत ता बघूचा."

हसतील त्याचे दात दिसतील म्हणून मी स्पीकर लावून फोन फिरवले. पहिल्या कंपनीत 'नवीन ग्राहक' म्हटलं की दोन सेकंदांत माणूस यायचा. 'सोडायचंय' म्हटल्यावर अर्धा तास नुसती होल्डवरची बासरी. दुसरीने विचारलं, का सोडताय, मग परत विचारलं, का सोडताय, आणि तिसऱ्यांदा वरच्या साहेबाला जोडून दिलं, त्याने विचारलं, का सोडताय. तिसरी कंपनी बरी होती. तिथला माणूस घाईत होता पण त्याने वाट सांगितली. चौथी एक लहानशी कंपनी. फोनवर मराठी मुलगी, बोलण्यावरून नागपूरकडची. मी म्हटलं, सोडून जायचंय. ती म्हणाली, "हो नं मॅडम, जा नं. पण आधी आपलं सगळं सामान उतरवून घ्या, फोटो वेगळे, मजकूर वेगळा, मी सांगते कसं ते. नवीन जागी नीट लागलं की मगच इथलं बंद करा." आणि तिने वीस मिनिटं मला समजावलं. शेवटी म्हणाली, "कस्टमर नंबर सांगा."

मामांनी फोन ओढून घेतला. "आमी अजून तुमचे कस्टमर नाय, बाय. आता होतो."

पलीकडून प्रश्न आला. "मग सोडायचं काऊन म्हणत होते काका?"

"जिनो मोजत होतो," मामा म्हणाले.

त्यांनी वहीत चारही कंपन्यांची नावं लिहिली आणि पुढे जिन्यासारखी मापं टाकली. पहिली: दोन फूट, वर दार बंद. दुसरी: वळणावर वळण. तिसरी: तीन फूट, चालेल. चौथी: साडेचार, वारा येतो. वहीच्या आधीच्या पानावर भांडुपची एक इमारत होती आणि पुढच्या पानावर मुलुंडची.

वेबसाईटवर काय असावं यावरूनही आमचं वाजलं. मला हसरी कुटुंबं हवी होती, नवे चकचकीत बॉक्स. मामांनी चाळीसच्या चाळीस फोटो जिन्यांचे दिले. गेल्या किती वर्षांत ज्या ज्या इमारतींत काम केलं तिथले जिने, खाली रुंदी, वळण, कपाट आडवं न्यावं की उभं. मी म्हटलं, "मामा, कोण बघणार जिने? लोक हसतील यार." त्यांनी ऐकलं नाही. मी रागाने त्या पानाला नाव दिलं 'उतरताना', आणि मामांना ते इतकं आवडलं की माझा राग फुकट गेला.

दर शनिवारी ते मला अख्खी वेबसाईट उतरवून घ्यायला लावायचे. पेन ड्राइव्ह एका बिस्किटांच्या डब्यात, सुतळीच्या गुंडाळीशेजारी. दोन महिने मी हे काम टंगळमंगळ करत केलं. एका शनिवारी म्हणाले, "आता हयच मांडून दाखव." गाळ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी ती कॉपी उघडली. पानं आली, फोटो एकही नाही. चाळीस रिकाम्या चौकटी. दोन महिने मी नुसता मजकूर उतरवत होते. माझे कान लाल झाले. मामा ओरडले नाहीत. "पिशवी उचललंस," एवढंच म्हणाले, "आत काय ता बघलंस नाय." त्यानंतर दर शनिवारी मी फोटो मोजायचे, एक ते चाळीस, बोट ठेवून.

वर्षभराने त्या लहान कंपनीकडून इंग्रजीत ईमेल आलं. एका मोठ्या कंपनीने त्यांना विकत घेतलं होतं आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला होता. मी मामांना अर्थ सांगितला. ते म्हणाले, "घरमालक बदललो. सामान बांधून ठेव."

आता तो मे महिना. पहिल्याच आठवड्यात मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. निवृत्त गृहस्थ, एकेक शब्द तोलून बोलणारे. त्यांची इमारत पुनर्विकासाला जाणार होती. चोवीस बिऱ्हाडं, सगळी त्याच महिन्यात बाहेर पडायची, भाड्याच्या घरांत जायची आणि तीन वर्षांनी नवी इमारत झाली की परत. रविवारी अकराला सभा. सभेत मोठा टीव्ही लावून तीन कंपन्यांच्या वेबसाईट दाखवणार आणि तिथेच ठरवणार. त्या तिघांत एक ती ॲपवाली कंपनी होती, एक कुठली तरी दुसरी, आणि एक आम्ही. चोवीस बिऱ्हाडं म्हणजे आमचा अख्खा हंगाम. फोन ठेवल्यावर मामांनी एकदाच टेम्पोकडे बघितलं.

शुक्रवारी दुपारी परत सेक्रेटरींचा फोन. "अहो, तुमची वेबसाईट उघडत नाहीये. रविवारी उघडली नाही तर मला तुमचं नाव गाळावं लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

मी बघितलं. पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ की जागा उपलब्ध नाही. वाट लागली. कंपनीला फोन लावला तर नागपूरकडची मुलगी नाही, कोणीच नाही. चॅटवर एक यंत्र. ते म्हणालं, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. मी परत लिहिलं. ते परत समजलं. संध्याकाळपर्यंत मी त्या यंत्राच्या पाया पडायचीच बाकी होते. डोळ्यात पाणी आलं माझ्या. या माणसाचा 'येतो' माझ्या वेबसाईटपायी पुसला जाणार, हेच डोक्यात.

मामांनी माझा खांदा हलवला. "गयावया कित्याक करतंस? आपला सामान आपल्याकडे आसा. पाटी आपली आसा. उद्या टेम्पो लाव."

शनिवारी त्यांनी मला आधी जेवायला बसवलं. आधी पोटोबा मग विठोबा. उपाशी माणसाने कपाट उचलायचं नाही, हा गाळ्याचा नियम, मग ते कपाट कसलंही असो. वहीतून तिसरी कंपनी काढली, तीन फूट, चालेल. त्यांनी परत फोन लावायला लावला आणि मी परत म्हटलं, सोडून जायचंय. दीड वर्षात तिथला जिना बदलला नव्हता, माणूसही तसाच घाईत होता. मग जागा घेतली.

एक वाजता बिस्किटांचा डबा उघडला. सहाही गडी त्या दिवशी बिनकामाचे होते, ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मामा शेजारी वही घेऊन. मी एकेक पान चढवायचे आणि म्हणायचे, "पान चार." मामा टिंब करायचे. फोटोंना वेळ लागत होता. स्क्रीनवर पट्टी हळूहळू पुढे सरकायची आणि मागून एक गडी सवयीने बोलून जायचा, "हळू, हळू. डावीकडे घे. भिंत सांभाळ." एकोणचाळीसला पट्टी अडली. मामा म्हणाले, "खाली ठेव, हात बदल, परत उचल." मी रद्द करून परत पाठवलं. गेलं.

चाळीस. नग पूर्ण.

"आता पाटी उचल," मामा म्हणाले. मी नावाच्या खात्यात, मामांच्या स्वतःच्या खात्यात जाऊन जुन्या जागेचा पत्ता काढला आणि नव्या जागेचा टाकला. कुणाची परवानगी नाही, कुणाची बासरी नाही. साडेचार वाजले होते.

पण नवा पत्ता सगळ्या इंटरनेटला कळायला वेळ लागतो. पाच वाजता माझ्या फोनवर वेबसाईट उघडली, मी टेबलावर हात आपटला. मामांच्या फोनवर तेच पांढरं पान. गड्यांपैकी दोघांच्या फोनवर दिसत होती, चौघांच्या नाही. "पोष्टमन सगळ्या गल्लींत एकदम जाणा नाय," मामा म्हणाले आणि गाळा बंद केला. मी मात्र घरी जाईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याचा फोन मागून बघत होते.

रविवारी सकाळी मामा मुलुंडला सोसायटीच्या फाटकात उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात टेप. त्यांनी काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. 'उतरताना' हे पान उघडलेलं होतं.

सभा पार्किंगमध्ये. खुर्च्या, मोठा टीव्ही, पंखा. पहिली ॲपवाली कंपनी. गाणं, नाचणारे बॉक्स, हसरी कुटुंबं. लोकांना आवडलं, दोनचार जणांनी माना डोलावल्या. दुसरी उघडली तर पानावर पान उडी मारून येत होतं, सेक्रेटरी ती बंद करून करून थकले. मग त्यांनी आमचं नाव टाईप केलं. टीव्हीवर क्षणभर काहीच नाही.

आणि उघडली. साधी, पांढरी, अकरा पानांची. सेक्रेटरींनी 'उतरताना' वर बोट दाबलं आणि जिने सरकायला लागले. मागे कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली. एवढ्यात पुढच्या खुर्चीतल्या एक आजी उठून टीव्हीजवळ गेल्या. "थांब रे, थांब. मागे घे. अरे, हा आपला जिना आहे."

होता. पस्तिसावा फोटो. बऱ्याच वर्षांपूर्वी याच इमारतीतून एका बिऱ्हाडाला मामांनी हलवलं होतं. खाली लिहिलेलं होतं, तीन फूट एक इंच, दुसऱ्या मजल्याचं वळण वाईट, लोखंडी कपाट उभं न्यावं, कठड्याला गोधडी बांधावी. सगळी सभा ते वाचत होती. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका मोठ्याने म्हणाले, "वळण वाईटच आहे. फ्रीज तिथे दोनदा अडकलाय माझा." हशा झाला, पण आता तो वेगळा हशा होता. टाय लावलेला ॲपवाला कोपऱ्यात उभा होता, त्याला कुणीतरी विचारलं, तुम्ही आमचा जिना बघितलाय का? त्याने बघितला नव्हता.

आजी मामांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा प्रश्न सामानाचा नव्हताच. "आम्ही परत येऊ ना हो इथे?" त्या म्हणाल्या. "तीन वर्षं म्हणतात. माझं वय बघा."

मामांनी त्यांना बाहेर नेलं आणि फाटकात उभ्या टेम्पोची मागची बाजू दाखवली. "मी नेतलंय, मीच परत हाडतलंय. तुमी निघताना काय म्हणतलास?"

आजींनी वाचलं. "येते म्हणेन," त्या म्हणाल्या.

मग हात वर करून मोजायचीही गरज पडली नाही. चोवीसच्या चोवीस बिऱ्हाडं. सेक्रेटरी तोलून बोलायचं विसरले आणि म्हणाले, "झकास." मी पार्किंगच्या खांबाआड जाऊन रडून घेतलं, यावेळी आनंदाने. सहा गड्यांना फोन मीच केला. पलीकडून जो आरडाओरडा झाला तो स्पीकर न लावताही मामांना ऐकू गेला. टायवाला जवळ येऊन अदबीने म्हणाला, अंकल, आमच्या ऑफरचं काय? मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रंग नको," ते म्हणाले. "पण वडापाव खाऊन जा."

पुढे चार वर्षं मी त्या गाळ्यात होते. आता अंधेरीला एका कंपनीत लोकांना वेबसाईटसाठी जागा निवडून देते, तेच माझं काम. अजूनही पहिला फोन सोडून जाण्याचाच लावते आणि बाजूच्या टेबलावरची मुलं मला हसतात. त्यांचे दात मला दिसतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारचं. जुनी जागा रीतसर बंद करायची राहिली होती. फॉर्म उघडला. शेवटी एक चौकट, 'सोडून जाण्याचं कारण'. मी बोटं मोडून तयार. शुक्रवारचं पांढरं पान, ते समजूतदार यंत्र, माझं रडणं, सगळं ओकून टाकायला मी अर्धं पान लिहिलं. मामांनी मागून वाचलं.

"पूस ता."

"मामा, त्यांनी आपली वाट लावली असती."

"पूस. लिव, येतो."

मी वाद घातला. ते वर्तमानपत्र घेऊन शेजारच्या खुर्चीत बसले, भांडुपच्या त्या सोफ्यावर बसल्यासारखे. पाऊण तास थांबायची माझी तयारी नव्हती. मी अर्धं पान पुसलं, मराठीत दोन अक्षरांचा तो शब्द टाईप केला आणि पाठवून दिला.

दुपारी उत्तर आलं. वर इंग्रजीतल्या ठरलेल्या ओळी, आपलं खातं बंद झालं आहे, आपल्याला काही तसदी झाली असल्यास क्षमस्व. मी ते पुसणारच होते. मग खाली बघितलं. कुणीतरी, तिथे अजून उरलेल्या कुणीतरी, त्या छापील ओळींखाली स्वतः एक अक्षर टाईप केलं होतं.

'या.'

मी स्क्रीन मामांकडे फिरवली. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं, वही उघडली, आणि चौथ्या कंपनीपुढच्या साडेचार फुटांना हात न लावता वही मिटली.